सतरा नंबरच्या पेशी

१ मार्च, रविवार

भाचीनं सांगितलं म्हणून ही वही सुरू करते आहे. "मावशी, तू हल्ली स्वतःशी बोलतेस ते शेजारच्यांनाही ऐकू जातं. त्यापेक्षा लिही," म्हणाली. वहीही तिनंच आणली. तिला मी ठकी म्हणते. ते तिच्या आईनं लहानपणी ठेवलेलं नाव, चिकटलं ते चिकटलंच. आता वीस वर्षांची आहे, सुतारकाम शिकते, आणि केसांत कायम भुसा घेऊन फिरते.

आज रविवार, त्यामुळे लॅबमध्ये मी एकटीच. माझं काम पेशी सांभाळण्याचं. कर्करोगाच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, दोन-तीन दिवसांनी त्यांचं गुलाबी खाद्य बदलायचं, दाटी झाली की थोड्या नव्या बाटलीत हलवायच्या. शास्त्रज्ञ येतात, त्यांच्यावर औषधं घालून बघतात, प्रबंध लिहितात आणि मोठे होऊन निघून जातात. पेशी आणि मी सव्वीस वर्षं इथेच आहोत.

सतरा नंबरनं अखेर अंग धरलं! इतकी वर्षं नुसत्या रडतखडत जगायच्या. चार-चार जणी घोळका करून बसायच्या आणि हलायचं नाव नाही. गेल्या वर्षभरात मात्र बाटलीच्या तळभर छान पसरतात. बघून ऊर भरून आला.

रविवारचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी वांडाला खाद्य. वांड म्हणजे आमच्याकडची दुसऱ्या एका रोग्याची फार जुनी पेशींची जात. चार दिवस लक्ष दिलं नाही तर झाकण उघडून बाहेर येईल की काय असं वाटावं इतकी वाढते. तिचं एकदाचं उरकलं की मग सतरा नंबर, शेवटी, निवांत. खाद्याची एकच बाटली कोमट करते, दोघींना पुरते. मग मायक्रोस्कोपपाशी खुर्ची ओढून बसते आणि आठवडाभरातलं सगळं सांगते.

वहीत लिहायला काय हरकत आहे. सतरा नंबर माझ्या ताईच्या आहेत. अकरा वर्षांपूर्वी तिच्या पोटातून काढलेली गाठ बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये मीच आणली. डब्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा. पण त्या दिवशी, त्या वेळेला, त्या टेबलावर कोण होतं हे मला वेगळं कोणी सांगायला नको होतं. देणाऱ्याचं नाव आम्हाला कळता कामा नये असा नियम आहे, म्हणून मी कोणाला बोलले नाही. लॅब चालवणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंना नाही, ठकीलाही नाही. पाच महिन्यांनी ताई गेली. ठकी तेव्हा नऊ वर्षांची होती. बापानं आधीच दुसरीकडे संसार थाटलेला, त्यामुळे ती माझ्याकडे आली.

सकाळी तिनंच डबा भरून हातात दिला. "जा, वाट बघत असतील," म्हणाली. थट्टेखोर आहे. संध्याकाळी परतले तर दाराबाहेर पायरीवर बसली होती. लहानपणापासून रविवारी ती पायरीवरच असते. तिला मोकळी हवा आवडते.

४ मार्च, बुधवार

लॅबमध्ये नवी शास्त्रज्ञ आली आहे. तिशीची असेल. हुशार आहे, नाही म्हणत नाही, पण प्रत्येक गोष्टीत शंका. पाणी कुठलं, काच कुठली, हे लेबल कोणी लिहिलं. मी तिचं नाव शंकासुर ठेवलं आहे.

आज सतरा नंबर बघत बराच वेळ बसली. मग म्हणाली, "काकू, या एकदम इतक्या भराभर कशा वाढायला लागल्या?"

"सांभाळल्या म्हणून," मी म्हटलं.

"ते आहेच हो. पण जुन्या फोटोंत त्या घोळक्यानं बसलेल्या दिसतात. आता वेगळ्याच दिसतात. औषधालाही वेगळं उत्तर देतायत."

मी म्हटलं, माणसं बदलतात, पेशींनी का बदलू नये. ती हसली, पण वहीत काहीतरी लिहून घेतलंच.

१० मार्च, मंगळवार

शंकासुरानं मोठ्या बाईंची परवानगी घेऊन सतरा नंबरचा नमुना ओळख-चाचणीला पाठवला. पेशी ज्याच्या म्हणतो त्याच्याच आहेत का, हे बघण्याची चाचणी. मला सांगितलंसुद्धा नाही! म्हणजे सांगितलं, पण पाठवून झाल्यावर.

इतका राग आला! मोठ्या बाईंचं सहा वर्षांचं संशोधन सतरा नंबरवर उभं आहे, आणि सतरा नंबर माझ्या हातांवर. या हातून सव्वीस वर्षांत एक बाटली नासली नाही. काल आलेली मुलगी मला शिकवणार?

घरी ठकीला सगळं सांगितलं; ताईचं सोडून. ती स्टुलाचा पाय घासत होती. "बघू दे की तपासून," म्हणाली. "खरं असेल तर खरंच निघेल." मग घासणं थांबवून विचारलं, "सतरा नंबर म्हणजे त्याच ना, ज्यांच्यासाठी तू रविवारी जातेस?"

मी हो म्हटलं. ती परत घासायला लागली, आणि तो पाय नको इतका बारीक करून ठेवला. लक्ष नसतं कामात.

१७ मार्च, मंगळवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. शंकासुर आधीच बसली होती. बाईंनी उठून स्वतः दार लावलं, मला बसायला सांगितलं आणि कागद पुढे सरकवला.

सतरा नंबरच्या बाटलीत सतरा नंबर नाहीत. एकही नाही. सगळ्या वांड आहेत.

मी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. तिथे काय असणार होतं? शंकासुर हळूच म्हणाली, "काकू, असं बऱ्याच लॅबमध्ये होतं. जोरात वाढणारी एखादी पेशी दुसऱ्या बाटलीत गेली की हळू वाढणारीला जागाच उरत नाही. महिन्या-दोन महिन्यांत सगळं तिचं." तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

वर्षभर मी वांडाशी गप्पा मारत होते. ठकीचा पहिला स्टूल, माझी गुडघेदुखी, सगळं त्या परक्या रांडेला सांगत होते. हा शब्द खोडणार नाही.

१८ मार्च, बुधवार

कळलं. सकाळी भांडी धुताना हात थांबला आणि कळलं.

रविवारची खाद्याची बाटली. लॅबमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मीच सांगते: एका जातीला एक बाटली, आणि हळू वाढणारीला आधी, दांडगीला शेवटी. रविवारी मी नेमकं उलटं करत होते. वांडाचं उरकायचं आणि मग त्याच बाटलीतलं ताईला द्यायचं. का, तर घाई नको, निवांत बसता यावं. पिपेटच्या टोकाला लागून वांडाची एक पेशी खाद्यात गेली असेल. एकच पुरते. अति तिथे माती म्हणतात, ती माती मी स्वतःच्या हातानं घातली.

दहाच्या आत मोठ्या बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, मला काढून टाका. बाई वयानं माझ्याएवढ्याच आहेत, चष्मा पुसायला लागल्या की कितीतरी वेळ पुसतात. म्हणाल्या, "तुम्हाला काढलं तर मला चहा कोण चांगला देणार? वर्षभराचे निकाल फेकावे लागतील, ते फेकू. त्याआधीचे बघू." मग म्हणाल्या, "रविवारी इनक्युबेटरची, पेशी उबेत ठेवायची खोली तुमच्यासाठी उघडी ठेवायला मीच सांगत होते ना इतकी वर्षं. त्यामुळे निम्मी चूक माझी."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं पहारेकरी कुलूप लावायला विसरतो.

२४ मार्च, मंगळवार

नायट्रोजनच्या टाकीत सतरा नंबरच्या नऊ जुन्या कुप्या आहेत, वेगवेगळ्या वर्षी गोठवून ठेवलेल्या. त्यांतल्या कुठल्या खऱ्या, कुठल्या वांड झालेल्या, देव जाणे. मी वर्षभर म्हणते, पण त्याआधीही कधी घोटाळा झाला नसेल कशावरून? शंकासुरानं सगळ्यांचे नमुने काढायला घेतले आहेत.

अडचण दुसरीच आहे. चाचणीत एखादी कुपी वांड नाही एवढं कळेल. पण ती सतरा नंबरच आहे, आणखी तिसऱ्याच कोणाची नाही, हे सिद्ध करायला मूळ बाईंचा काहीतरी नमुना हवा. त्या वेळी जपून ठेवलेला तुकडा रुग्णालयानं दहा वर्षं झाल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केला.

"मग जवळचं रक्ताचं माणूस हवं," शंकासुर म्हणाली. "मुलगा किंवा मुलगी असेल तर उत्तम. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की झालं."

"रुग्णालयाकडून विचारून बघितलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "जुन्या पत्त्यावर कोणी नाही. आपण शोधत जायचं नाही, तसा नियम आहे. पण कोणी आपणहून आलं, तर मी त्यांना काहीही विचारणार नाही. अकरा वर्षं कुठे होतात, असंसुद्धा नाही." हे बोलताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तिथे बघण्यासारखं काही नाही, समोरच्या इमारतीची भिंत आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो बोळा फिरवायचा गाल रोज सकाळी माझ्यासमोर चहा पितो. पण ठकीला सांगू काय? तुझ्या आईला ज्यानं नेलं त्याला मी अकरा वर्षं खाऊपिऊ घालत होते, आणि तुला पत्ता लागू दिला नाही? आणि वर तेही हातचं घालवलं?

२९ मार्च, रविवार

लॅबला गेले नाही. ठकी डबा भरायला लागली तर म्हटलं, नको. तिनं डबा खाली ठेवला. "मेल्या का त्या?" असं विचारलं.

मग मी सांगितलं. बर्फाच्या डब्यापासून परवाच्या बोळ्यापर्यंत. मान खाली घालून सांगितलं, कारण मान वर केली असती तर ताईचे डोळे दिसले असते.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

बारा वर्षांची असताना तिनं कपाटातलं आईचं संमतीपत्र वाचलं होतं. त्यावर सतरा आकडा होता. माझ्या तोंडून रोज सतरा नंबर, सतरा नंबर. दोन अधिक दोन. आठ वर्षं ही पोरगी गप्प बसली!

"बोलली का नाहीस?"

"तू बोलली असतीस तर मी बोलले असते."

मी म्हटलं, मग बोळा देशील? खरी कुपी सापडली तर ताई परत मिळेल. एवढं म्हटलं मात्र, आणि ती उसळली. मी तिला इतकी चिडलेली कधी बघितली नव्हती.

"ती आई नाहीये! आईला ज्यानं खाल्लं ते आहे ते. त्याला तू ताई म्हणतेस? दर रविवारी नटून त्याला भेटायला जातेस?"

"नटून कुठे," मी म्हटलं. ती सुतारकामाच्या कारखान्यात निघून गेली, रविवार असून.

१ एप्रिल, बुधवार

तीन दिवस अबोला. म्हणजे "चहा ठेवलाय", "किल्ली घेतली का" एवढं चालू आहे. सकाळी माझी चप्पल तुटली होती, ती संध्याकाळी खिळा मारून जागेवर ठेवलेली दिसली. त्यावरही बोलली नाही.

लॅबमध्येही मन लागत नाही. शंकासुरानं आज न विचारता माझ्या वाटच्या वीस बाटल्या धुऊन टाकल्या. वाईट धुतल्या. मी परत धुतल्या, पण ती गेल्यावर.

ठकीचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. खरं सांगायचं तर मला कधी तसं वाटलंच नव्हतं. ताई गेली त्या दिवशी घरी तिचे कपडे होते, चष्मा होता, आणि लॅबमध्ये उबेत काहीतरी जिवंत होतं. मी जिवंत होतं तिकडे गेले. एवढंच झालं.

घरातही एक नऊ वर्षांचं जिवंत होतं, हे आत्ता लिहिताना दिसतंय.

३ एप्रिल, शुक्रवार

अकरा वाजता खालून निरोप आला, कोणीतरी भेटायला आलंय. खाली ठकी उभी, केसांत भुसा, हातात सुतारी पेन्सिल तशीच.

"कुठे आहे तो बोळा?"

मोठ्या बाई स्वतः बाहेर आल्या. दिला शब्द त्यांनी पाळला, काही विचारलं नाही. फक्त "किती मोठी झालीस गं!" एवढं म्हणाल्या आणि एकदम चष्मा पुसायला लागल्या. बाईंनी तिला आधी कधी बघितलं होतं, ते मला काही आठवेना.

शंकासुरानं बोळा फिरवला. मग फॉर्म. 'कुटुंबीयांची या पेशी संशोधनासाठी वापरण्यास हरकत आहे का?' ठकीनं विचारलं, "वापरतात म्हणजे काय करतात?"

"वाढवतो," शंकासुर म्हणाली, "आणि मग एकेक औषध घालून मारायला बघतो. कुठल्या औषधानं मरतात ते कळलं की तोच रोग झालेल्या दुसऱ्या कोणाला तरी ते देता येईल."

"मारायलाच ठेवल्यात ना?"

"मारायलाच."

"मग हरकत नाही," ती म्हणाली आणि सही केली. खाली 'काही सूचना असल्यास' अशी रेघ होती. तिथे तिनं सुतारी पेन्सिलीनं ठळक लिहिलं: 'रविवारी यांना कोणीही हात लावू नये.' शंकासुराला हसू आवरेना. मोठ्या बाईंनी गंभीरपणे वाचलं आणि शेजारी 'मान्य' लिहून सही केली.

१६ एप्रिल, गुरुवार

निकाल आला. नऊ कुप्यांपैकी दोघी वितळवल्यावर मेलेल्याच निघाल्या. सगळ्यात शेवटी गोठवलेल्या दोघी वांड. उरलेल्या पाच एकसारख्या, आणि वांड नाहीत. म्हणजे घोटाळा खरंच शेवटच्या काळातलाच. बाईंची आधीची पाच वर्षं वाचली.

मग ठकीचा कागद शेजारी ठेवला. शंकासुरानं मला समजावून सांगितलं, जसं काही मला माहीत नाही; पण ऐकलं. सोळा ओळी. प्रत्येक ओळीत दोन-दोन आकडे. मूल त्यातला एक आईकडून घेतं. पहिल्या ओळीत जुळला. दुसऱ्या ओळीत जुळला. मी बोट ठेवत खाली गेले. एका ठिकाणी पेशींचा एक आकडा गळून गेला होता, या रोगात असं होतं म्हणे, पण उरलेला ठकीकडे होता. सोळाच्या सोळा.

मला वाटलं होतं, आनंद होईल तो पेशींचा होईल. पण माझं बोट सारखं दुसऱ्या कागदावर जात होतं. तो निरोगी होता. त्यातला एकही आकडा गळलेला नव्हता. ताईनं दिलेलं सगळं त्यात जागच्या जागी होतं, आणि ते अकरा वर्षं माझ्या घरात जेवत होतं, वाढत होतं, पायरीवर बसून माझी वाट बघत होतं. मोकळी हवा कसली डोंबलाची.

शंकासुरानं पाण्याचा ग्लास पुढे केला. चांगली मुलगी आहे. शंका घेते म्हणून काय झालं.

१८ एप्रिल, शनिवार

ठकी बघायला आली. पहिल्या वर्षीची कुपी जागी झाली आहे. मायक्रोस्कोपखाली चार-चारचे घोळके, तसेच रडतखडत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ठकीनं डोळा लावला, बराच वेळ बघितलं.

"आईसारखं काही दिसत नाही," म्हणाली.

"नाही."

"बरं झालं." मग सरळ उभी राहून शंकासुराला म्हणाली, "घाला औषध."

२६ एप्रिल, रविवार

दोघी घरीच. तिनं खुर्ची दुरुस्तीला काढली होती, मी तिला खिळे देत होते. खिळे तोंडात धरून ती काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, आधी थुंक ते.

"मला आईचा आवाज आठवत नाही," ती म्हणाली. "चेहरा फोटोत आहे. आवाज गेला. तुला विचारणार होते कितीदा, पण तू आईबद्दल कधी काही बोलतच नाहीस."

बोलत नाही? दर रविवारी बोलत होते, चार-चार तास! पण कोणाशी, ते तोंडातून निघेना.

म्हटलं, "घोगरा होता. भांडं घासल्यासारखा. फोनवर अनोळखी लोक तिला 'साहेब' म्हणायचे."

"खरंच?"

"खरंच. आणि ती त्यांना चूक सांगायचीच नाही. 'साहेब आहेत का' म्हटलं की त्याच आवाजात 'साहेब बाहेर गेलेत, मी त्यांची बहीण बोलतोय' म्हणायची. पलीकडचा माणूस गोंधळून फोन ठेवायचा. आणि मग ती जमिनीवर बसून हसायची. तू पोटात होतीस तेव्हा तर तिला उठताच यायचं नाही. मी ओढून उठवायचे."

ठकी हसली. मग हातोडी खाली ठेवली.

"काढून दाखव."

"काय?"

"आवाज."

मी म्हटलं, वेडी आहेस का, मला कसा येणार. पण आला. कुठून आला कोण जाणे, छातीच्या तळातून आला, घोगरा, जाड, शेवटच्या अक्षराला खाली जाणारा. "साहेब बाहेर गेलेत. मी त्यांची बहीण बोलतोय."

ठकीचं तोंड उघडं राहिलं.

"परत," म्हणाली.

मी परत काढला. घसा बसेपर्यंत काढला.